बाबासाहेबांचा आजार आपण वाचलाच नाही

१४ ऑक्टोबर १९५६ आणि ६ डिसेंबर १९५६. आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही या दोन तारखा पाठ असतात. दोन्हींमधले अंतर फक्त ५३ दिवसांचे. त्या दिवसांतली भाषणे, प्रवास, लेखन यांवर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. बाबासाहेबांचे शरीर तेव्हा कोणत्या अवस्थेत होते, हे मात्र प्रकृती ठीक नव्हती एवढ्यावरच उरकले जाते. आम्ही नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करतो, घरोघरी शुगर-बीपीचे पेशंट पाहतो. आम्हाला तेवढे पुरेसे वाटत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता. रक्तदाब होता, संधिवात होता आणि पायांच्या नसांचा दाह होता. चारही आजार आज इंदोऱ्यापासून रामबागेपर्यंत कोणत्याही गल्लीत सापडतील. म्हणजे आपल्या उद्धारकर्त्याला झालेला आजार आपल्याच आईवडिलांना आहे, आणि तरी आपण तो समजून घेतलेला नाही.

शरीराकडे दुर्लक्ष करण्याची त्यांची सवय जुनी. १९२० नंतर लंडनमध्ये शिकताना ते जवळजवळ अर्धपोटी राहिले. दिवस ग्रंथालयात आणि रात्र पुस्तकांत जायची. मुंबईत परतल्यावर वकिली, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, नाशिक, गोलमेज परिषदा हे सगळे एकामागून एक आले. घरात चार लेकरे गेली. २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजारानंतर रमाईही गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. रात्र रात्र बसून वाचणारा, जेवणाची वेळ न पाळणारा हा माणूस त्यानंतर अनेक वर्षे स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत एकटाच होता.

याच माणसाने कामगारांच्या आजारपणाचा विचार मात्र बारकाईने केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये त्यांच्या खात्याने प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला औषध मिळावे आणि सुट्टीच्या दिवसांत पोटही भरावे, ही त्यामागची कल्पना. नागपुरात सोमवारी पेठेतल्या विमा रुग्णालयात जाणाऱ्या कामगारांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. स्वतःसाठी मात्र बाबासाहेबांनी अशी सुट्टी कधी घेतली नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि त्याच काळात आजाराने त्यांना गाठले. पाय इतके दुखत की रात्री झोप लागत नसे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. सुरुवात बहुधा पायांपासून होते: मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखे, आणि रात्री जास्त. वस्तीतल्या बायका पायाची आग होते म्हणून तेल चोळत बसतात, तेव्हा अनेकदा हाच प्रकार असतो. राज्यघटनेचा मसुदा अशाच पायांनी बसून तयार झाला, हे आपण पोरांना सांगायला हवे.

उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. आपली देखभाल करणारे कोणी हवे, हे त्यांनी आता मान्य केले आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत लग्न झाले. शारदा कबीर आपल्या माईसाहेब झाल्या. इन्सुलिनची सुई, पथ्य, औषधांच्या वेळा हे सगळे त्यांनी हाती घेतले. त्या काळी घरी बोट टोचून साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. लघवी एका निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते बघून अंदाज करायचा. इन्सुलिन १९२१ मध्ये कॅनडात सापडले होते. आज रोज घेतात त्या गोळ्या १९५०च्या दशकात कुठे येऊ लागल्या होत्या. अशा साधनांवर माईसाहेबांनी आठ वर्षे हा आजार सांभाळला. आमच्या मते हे काम आपल्या चळवळीच्या इतिहासात लिहिलेच गेले नाही.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल लवकर घ्यावे, असे त्यांनी नेहरूंना पत्राने कळवले, तेव्हा तब्येतीचे कारणही दिले होते. बिल रखडले, सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणावरच होते, नजरही अधू झाली होती. मधुमेहात डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर परिणाम होतो, पण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तरी डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परत येऊन २५ तारखेला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली.

मग नागपूर. सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात मुक्काम, १३ ऑक्टोबरला पत्रकार परिषद, १४ ला धम्मदीक्षा. व्यासपीठावर येताना एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. १५ ला लांबलचक भाषण, १६ ला चंद्रपूर. नोव्हेंबरमध्ये काठमांडू, तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण, परतताना बनारस, कुशीनारा. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम बाजूला ठेवून ते झोपले. सकाळी उठलेच नाहीत. वय ६५.

त्यानंतर आपल्या समाजात संशय सुरू झाला. बोट थेट माईसाहेबांकडे गेले, त्या ब्राह्मण कुटुंबातल्या असल्याने ते सोपेही होते. चौकशीची मागणी झाली, चौकशी झाली आणि गृहमंत्री पंत यांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे लोकसभेत सांगितले. तरी कुजबुज थांबली नाही. दुःखाने वेडा झालेला समाज तसे बोलला, हे आम्ही समजू शकतो. पण मधुमेह आणि रक्तदाब असलेला माणूस झोपेत हृदय बंद पडून जाऊ शकतो. नसा बिघडल्याने काहींना छातीत कळही येत नाही. हे ठाऊक असलेला समाज माईसाहेबांशी इतका कठोर वागला नसता. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत मान दिला, तोवर त्यांची कितीतरी वर्षे एकटेपणात गेली होती. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या.

आजही तेच चालते. चांगला होता, अचानक गेला, कोणी काही केले असेल, असे मयतीत बोलले जाते, आणि घरच्या कपाटात शुगरचा जुना रिपोर्ट पडलेला असतो. इन्सुलिन म्हणजे शेवट, असे समजून लोक सुई टाळतात. बरे वाटले की गोळी बंद करतात. सिकलसेलबाबत विदर्भात थोडी जाग आली, लग्नाआधी तपासणीची भाषा पोरे करू लागली आहेत. शुगरबाबत तेवढीही नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास तपासणीचे तंबू लागतात. रांगा लागतात, बोट टोचले जाते, कागद हातात पडतो. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी येत नाही. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने साखर तपासावी, निदान झालेल्यांनी दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची चाचणी, वर्षातून एकदा डोळ्यांची आणि रोज रात्री स्वतःच्या तळपायांची तपासणी करावी. मेयो, मेडिकलमध्ये यातले बरेच होते. युवक मंडळांनी यंदा शिबिराची तारीख ठरवतानाच तीन महिन्यांनंतरची दुसरी तारीखही ठरवावी आणि त्या दिवशी कोणी कोणाच्या घरी जायचे ते वहीत लिहून ठेवावे.