झाक मोनो आणि पेशीतील मनाई हुकूम

आपल्या आतड्यात वास करणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला दुधातील साखर पचविण्यासाठी एक विशिष्ट प्रथिन लागते. ते कसे घडवावे हे सांगणारे जनुक त्याच्यापाशी जन्मतःच असते. परंतु भोवताली ती साखर नसेल, तर त्याच्या पेशीत हे प्रथिन जवळजवळ सापडतच नाही. साखर मिळाली की काही मिनिटांत उत्पादन सुरू होते आणि सुमारे हजारपटीने वाढते. जनुक तेच, पेशी तीच. मग हा फरक कोण घडवितो? या एका प्रश्नापाठीमागे झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने आयुष्याची वीस वर्षे घालविली. त्या वीस वर्षांत एक महायुद्ध आले, एक राजकीय पक्ष आला, आणि त्या पक्षाशी झालेले जाहीर भांडणही आले.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपण दक्षिण फ्रान्समध्ये, समुद्रकाठच्या कान शहरी गेले. पोलिओमुळे एक पाय कायमचा अधू झाला, तरी कडे चढण्याचा आणि शिडाची होडी हाकण्याचा नाद सुटला नाही. त्याहून मोठा नाद संगीताचा. १९३६ साली आनुवंशिकी शिकण्यासाठी ते कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा विज्ञान सोडून वाद्यवृंदाचे संचालक व्हावे, असा विचार त्यांच्या मनात बळावला होता. अशा माणसाने प्रबंधासाठी विषय निवडला तो मात्र अगदीच रुक्ष: जीवाणूंची वाढ मोजणे! एकाच भांड्यात ग्लुकोज आणि दुग्धशर्करा अशा दोन्ही साखरा ठेवल्या, तर जीवाणू आधी ग्लुकोज संपवितात, मग काही काळ त्यांची वाढ थांबते आणि नंतर ते दुग्धशर्करेकडे वळतात, असे त्यांना आढळले. मधल्या थांब्याचे कारण त्यांना सांगता येत नव्हते. १९४१ साली डॉक्टरेट मिळाली. सॉर्बोन विद्यापीठातील परीक्षकांना या कामाचे विशेष अगत्य वाटले नाही.

तोवर पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले होते. मोनो यांच्या पत्नी ओदेत ज्यू कुळातील. मोनो भूमिगत प्रतिकार चळवळीत शिरले आणि तिच्या सर्वांत लढाऊ शाखेत काम करता यावे म्हणून कम्युनिस्ट पक्षातही दाखल झाले. प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा एक सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत ते गुप्त कागदपत्रे दडवीत, असे सांगतात. पुढे सॉर्बोन धोक्याचे झाले, तेव्हा पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वोफ यांनी त्यांना आसरा दिला. दुग्धशर्करेसाठी लागणारे विकर पेशीला त्या थांब्यात नव्याने तयार करावे लागत असावे, हा धागाही ल्वोफ यांनीच त्यांच्या हाती दिला होता.

युद्ध संपल्यावर लवकरच त्यांनी पक्ष सोडला. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत लायसेन्को यांच्या मताला शासनमान्यता मिळाली आणि जनुकविज्ञान हे बुर्झ्वा थोतांड ठरले. परिस्थिती वनस्पतीला जे शिकविते ते पुढच्या पिढीत उतरते, असा हा सिद्धांत. त्याला विरोध करणारे वाव्हिलॉव्ह १९४३ मध्येच सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये मोनो यांनी 'कोंबा' या दैनिकात लेख लिहून लायसेन्कोवादावर उघड हल्ला चढविला. ज्यांच्याबरोबर जीव धोक्यात घातला, त्याच सोबत्यांशी हे वैर होते.

त्यात पेच असा की, त्यांचे स्वतःचे प्रयोग वरवर पाहता प्रतिपक्षाच्याच बाजूने बोलत होते. साखर दिसताच पेशी नवे प्रथिन बनवू लागते, म्हणजे परिस्थितीने तिला शिकविलेच, नाही का? या घटनेला तेव्हा 'अनुकूलन' म्हणत. १९५३ साली मोनो आणि सहकाऱ्यांनी तो शब्दच टाकला आणि 'प्रवर्तन' हा शब्द घेतला. शब्द बदलून प्रश्न सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होते. साखर उत्पादनाला थेट चालना देते, असे स्वतः मोनोही मानीत.

निर्णय लागला तो १९५७-५८ मधील प्रयोगांनी. फ्रांस्वा जाकॉब आणि अमेरिकन सहकारी आर्थर पार्डी यांच्यासह त्यांनी एका जीवाणूतील धडधाकट जनुके दुसऱ्या, ती जनुके बिघडलेल्या जीवाणूत संक्रमित होऊ दिली. साखर नसतानाही विकर तात्काळ बनू लागले; सुमारे तासाभराने मात्र उत्पादन आपोआप बंद पडले. उत्पादन ही पेशीची मूळ प्रवृत्ती, आणि ते थांबविणारा पदार्थ नंतर साचतो, हाच याचा अर्थ. मंजुरी आल्याखेरीज कागद हलत नाही, हा आपल्या कचेऱ्यांचा शिरस्ता. पेशीचा कारभार इथे नेमका उलटा. काम चालूच राहायचे, त्यावर मनाई हुकूम लागलेला असतो. साखर येते ती हुकूम उठविण्यापुरती. ती पेशीला काही शिकवीत नाही. प्रथिनाची रचना जनुकातच लिहिलेली असते. आपल्या पूर्वीच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष मोनो यांनी स्वीकारला. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग भूमिगत पराक्रमाहून कमी धैर्याचा नाही.

उत्पादन इतक्या झटपट सुरू होते, तर जनुक आणि प्रथिन यांच्यामध्ये एखादा अल्पायुषी दूत असला पाहिजे. १९६० साली जाकॉब, ब्रेनर आणि मेसेल्सन यांनी संदेशवाहक आरएनएचा प्रायोगिक पुरावा मिळविला. जनुकाची ही नक्कल रायबोसोमकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनुसार वीस प्रकारची अमिनो आम्ले एकामागून एक गुंफली जातात. हे शब्द उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते. जीवाणूंमध्ये ही नक्कल काही मिनिटांतच मोडली जाते, म्हणूनच गरज सरल्यावर उत्पादन रेंगाळत नाही.

१९६१ साली मोनो आणि जाकॉब यांनी ही सारी मांडणी एका निबंधात प्रसिद्ध केली. १९६५ साली ल्वोफ यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मधील 'योगायोग आणि अपरिहार्यता' या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक गाजले. त्यातील विज्ञान भक्कम आहे, तत्त्वज्ञान मला काहीसे कोरडे वाटते. १९७१ पासून तुटीत गेलेल्या पाश्चर संस्थेचा कारभार त्यांच्या गळ्यात पडला. पेशीची काटकसर उलगडणाऱ्याला आता संस्थेची काटकसर करावी लागली, आणि ती पेशीइतकी मुकाट्याने होत नसते. ३१ मे १९७६ रोजी कान येथे रक्ताच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ई. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतले. त्यासाठी कृत्रिम रीतीने घडविलेली जनुके त्यांनी दुग्धशर्करेच्या त्याच विकराच्या जनुकाला जोडली होती. उत्पादन सुरू करणारी कळही तीच होती.