पंडितेचे अखेरचे भाषांतर

सोलापूरकडून पुण्याला येणारी गाडी भिगवण सोडते, उजनीच्या जलाशयाचे पाणी मागे पडते आणि दौंड, पाटस ही स्टेशने ओलांडून ती केडगावला येते. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला या स्टेशनाचे फारसे अगत्य नसते. पण केडगावच्या मुक्तिसदनात मराठी भाषेच्या इतिहासातील एक विलक्षण उद्योग पार पडला, आणि त्याची आठवण आपल्या वाङ्मयेतिहासाने म्हणावी तशी ठेवलेली नाही. पुणे ते भिगवणशेजारचे डिकसळ हा लोहमार्ग १८५८ साली खुला झाला. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी, तिकडे सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी जी कन्या जन्मली तीच पुढे पंडिता रमाबाई या नावाने जगाला माहीत झाली. हा लोहमार्ग आणि ही स्त्री यांची गाठ पडायला मात्र आणखी जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली.

रमाबाईंचे चरित्र सांगताना आपल्याकडे दोन प्रकार आढळतात. सुधारकांच्या पंक्तीत त्यांना बसविणारे लोक त्यांच्या ख्रिस्ती होण्याविषयी चटकन दोन वाक्ये लिहून पुढे सरकतात. आणि धर्मांतरावर बोट ठेवणारे लोक बाकीचे सारे विसरतात. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. रमाबाईंचे सारे आयुष्य वाचनाच्या हक्काभोवती फिरत राहिले. धर्मग्रंथात काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य करणे त्यांना कधीच जमले नाही.

अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले म्हणून विद्वानांचा रोष ओढवून घेतला होता. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. पहाटे उठून आईसमोर भागवताचे श्लोक म्हणायचे आणि दिवसा तीर्थयात्रेची वाट चालायची, असे त्या मुलीचे बालपण गेले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा पाहिली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वयाच्या विसाव्या वर्षी एका मराठी मुलीने मिळविलेला हा मान लहान नव्हे. परंतु वेदांचा अधिकार स्त्रियांना नाही अशी समजूत त्यांच्या मनात होतीच. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवून ती वाचायला सांगितली तेव्हा त्या अचंबित झाल्या.

याच कलकत्त्यात बायबलची पहिली भेट झाली, आणि ती अगदी निष्फळ ठरली. ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात या भावंडांना बायबलचे संस्कृत भाषांतर भेट मिळाले. ज्या स्त्रीला हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत होते, तिला ते संस्कृत परके वाटले आणि त्यावर वेळ घालविणे व्यर्थ आहे असे ठरवून तिने पुस्तक मिटले. हा प्रसंग लहानसा असला तरी पुढच्या सगळ्या कथेची किल्ली त्यात आहे. शुभवर्तमान म्हणून जे सांगायचे ते देववाणीत चढवून सांगितले म्हणजे पोचतेच असे नाही, हे त्यांनी वाचक म्हणून अनुभविले होते.

पुढे बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी १८८० साली त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती शूद्र मानल्या गेलेल्या जातीचे. म्हणून दोन्ही बाजूंनी बहिष्कार आला. आसामातील सिलचरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना एक चोपडी सापडली. ती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत होती. ती त्यांनी आवडीने वाचली, पतीला ते फारसे रुचले नाही तरी. लूकच्या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य आहे: चारही शुभवर्तमानांत विधवा सर्वांत जास्त भेटतात त्या यातच. मंदिरात दिवसरात्र राहणारी हन्ना, नाईन गावची एकुलता मुलगा गमावलेली आई, न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाणारी फिर्यादी, दानपेटीत दोन दमड्या टाकणारी दरिद्री बाई. हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी गृहिणीही याच पुस्तकातली. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले आणि दहा महिन्यांची मनोरमा पदरी घेऊन रमाबाई स्वतःच विधवा झाल्या.

त्यानंतरचा सार्वजनिक इतिहास सर्वश्रुत आहे: पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, १८८३ साली इंग्लंडला प्रयाण. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाला खरा धक्का बसला तो लंडनमधील एका आश्रमात. समाजाने पतित ठरविलेल्या बायकांची सेवा तेथील जोगिणी करीत होत्या. हे कशापायी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी बाईची कथा वाचून दाखविली.

ही कथा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. भर दुपारची वेळ, गावाबाहेरची विहीर, एकटीच पाण्याला आलेली, गावाने नावे ठेवलेली बाई; आणि जिच्या भांड्याला शिवू नये अशा जातीच्या त्या बाईकडे प्यायला पाणी मागणारा एक थकलेला यहुदी प्रवासी. महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रसंगाचे वजन कळते. रमाबाईंनी पाणवठ्यावरची शिवाशीव जन्मापासून पाहिली होती. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या, त्यांत अशा बाईला शासन होते. येथे तिच्याशी कोणीतरी थांबून बोलत होते. पोथीतील गोष्ट आणि रोजचे जगणे त्यांच्यापुरते तेथे एक झाले.

मात्र म्हणून त्यांनी मान तुकविली असे नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, बिशपांची आज्ञा या प्रत्येक गोष्टीवर त्या भांडल्या. ब्राह्मणांचे जोखड फेकून आलेली बाई पाद्र्यांचे जोखड का घेईल? पुण्याच्या सनातन्यांना त्या बाटग्या वाटल्या, इंग्रज धर्मभगिनींना हट्टी वाटल्या. कारण एकच होते.

अमेरिकेहून परतल्यावर मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे अभिवचन दिलेले होते. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेचे दार उघडे ठेवीत आणि मुली येऊन बसत. १८९३ साली वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, कित्येक पालकांनी मुली नेल्या. या प्रकरणात पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. ज्या विधवेला जगात दुसरे दार नाही, तिच्यापुढे उघडे ठेवलेले दार हे निमंत्रणच असते. हे रमाबाईंइतक्या हुशार स्त्रीला कळत नसेल असे कसे म्हणावे? पण त्याच सदनातील गोदूबाई धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही त्याच वर्षाचे सत्य आहे.

केडगावची जमीन सदनाला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली होती. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना गाडीत घालून घेऊन आल्या. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई हे करीत होती. विहिरी खणल्या, माग लावले, गाईगुरे पाळली, छापखाना घातला. १९०५ साली तेथे जी धर्मजागृती झाली, रडणे, ओरडणे, रात्रंदिवस प्रार्थना, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्यासारख्याला त्यात फार गती नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच सुमारास सुरू झालेले काम. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम केरीने सेरामपूरहून १८११ साली नवा करार छापला होता आणि नंतरच्या सुधारलेल्या आवृत्त्या प्रचारात होत्या. पण मुक्तीतील मुलीला, जिने कालपरवा अक्षर ओळखले, ते संस्कृतप्रचुर मराठी उमगत नसे. म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि सुमारे १८ वर्षे खपून सबंध बायबल एकटीने साध्या मराठीत आणले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी हे सारे मुक्तीतील बायकांनी केले. कलकत्त्याची सरस्वती ती, पण तत्सम शब्द सुचला की तो बाजूला सारून बायकांच्या बोलण्यातला शब्द शोधीत बसे. संस्कृत शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थही आत शिरतात, हे तिचे दुसरे कारण होते.

या दुसऱ्या कारणाशी मी सहमत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच काळात अभंग आणि कीर्तन घेऊन ख्रिस्ताकडे जात होते, आणि मराठी माणसाच्या जिभेवर ख्रिस्ताचे नाव रुळले ते त्यांच्यामुळे. रमाबाईंनी संतांची वाट मुद्दाम टाळली. मुळाशी शब्दशः इमान राखण्याच्या हट्टापायी त्यांचे वाक्यही ठिकठिकाणी ताठर झाले. घरोघरी प्रत गेली ती बायबल सोसायटीचीच. असे असूनही या परिश्रमाला अपयश म्हणवत नाही, कारण मराठी गद्य कोणासाठी लिहायचे, हा प्रश्न इतक्या जिद्दीने त्या पिढीत फार थोड्यांनी स्वतःला विचारला.

१९२१च्या जुलैत मनोरमा गेली. लेकीच्या मागे आई मुद्रिते तपासीत राहिली. अखेरचे काम हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी प्राण सोडला, असे मुक्तीत सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

तेव्हा भिगवणला जलाशय नव्हता. भीमा आपल्या जुन्या पात्रातून वाहत होती आणि इंदापूरच्या कोरडवाहू शिवारातील बाईला त्या पुस्तकातला दुष्काळ कळला असता, विहीर कळली असती, खडकाळ जमिनीवर पडलेले बी तर नक्कीच कळले असते. गालीलच्या सरोवरावरचे कोळी मात्र तिला दूरचे वाटले असते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. आता पहाटे होड्या पाण्यातून परततात, काठावर जाळी झटकून वाळत घालतात आणि भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव सुरू होतो.