हॉकी स्टिकसारखी बॅट सरळ करणारा जॉन स्मॉल, ज्याच्यामुळे तिसरा स्टंप आला

लंडनच्या ओव्हल मैदानावर १७२९ सालची एक बॅट जपून ठेवलीय. कुणी सांगितलं नाही, तर बघणारा तिला हॉकी स्टिकच समजेल. खाली जड आणि टोकाला वळलेली.

तेव्हा बॅट अशीच असायची, कारण बॉलिंगच तशी होती. बॉलर खाली वाकून बॉल जमिनीवरून सोडायचा. आज गल्लीत सरपटी टाकली म्हणून भांडणं होतात, पण त्या काळी तीच अस्सल बॉलिंग. अशा बॉलला झोडायला बाकदार टोक सोयीचं पडायचं.

पण १७६० च्या दशकात बॉलर टप्पा टाकायला लागले. हात अजून खालूनच फिरायचा, पण बॉल हवेतून येऊन टप्पा पडला की उसळायचा. बाकदार बॅटची इथे पंचाईत झाली. बॅटचं सगळं लाकूड खाली टोकाला, आणि बॉल मात्र वरून निघून जायचा.

यावर उपाय काढण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो म्हणजे जॉन स्मॉल.

१९ एप्रिल १७३७ ला इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या एम्पशॉट गावात त्याचा जन्म झाला. पुढे तो जवळच्याच पीटर्सफिल्डमध्ये राहिला. मूळ धंदा बूट शिवण्याचा. चामड्यावर हात बसलेला असल्यामुळे तो क्रिकेटचे बॉल शिवायला लागला आणि मग बॅटही बनवायला लागला. शिवाय त्या काळात सगळ्यात तगडी समजली जाणारी जी हॅम्बल्डनची टीम, तिचा तो मुख्य बॅट्समन होता. म्हणजे अडचण मैदानात कळायची आणि तोडगा दुकानात निघायचा.

त्याने बाक काढून टाकला आणि बॅटचं पातं सरळ केलं. आता बॅट उभी धरून टप्प्यावरचा बॉल अडवता येऊ लागला. आज कोच ज्याला डिफेन्स म्हणतात, तो या सरळ पात्याशिवाय शक्यच नव्हता.

पण बॅटचा आकार बदलता येतो म्हटल्यावर लोकांची डोकी चालायला लागली. २३ सप्टेंबर १७७१ ला चर्टसी विरुद्ध हॅम्बल्डन मॅच होती. चर्टसीकडून थॉमस व्हाईट बॅटिंगला आला तो थेट स्टंपाइतकी रुंद बॅट घेऊन. बॉलरने काय करायचं? गंमत म्हणजे हे नियमात बसत होतं, कारण रुंदीचा नियमच नव्हता.

हॅम्बल्डनने ती मॅच १ रनने जिंकली, तरी राग गेला नाही. दोनच दिवसांनी त्यांचा फास्ट बॉलर थॉमस ब्रेटने लेखी मागणी केली की बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त नसावी. त्यावर कॅप्टन रिचर्ड नायरेनने सही केली आणि जॉन स्मॉलनेही केली. बॅट विकून पोट भरणाऱ्या आणि स्वतः बॅट्समन असलेल्या माणसाने बॅटलाच लगाम घातला. १७७४ साली ही मर्यादा नियमांत आली. हॅम्बल्डन क्लबने तर त्या मापाची लोखंडी चौकटच करून ठेवली होती. शंका आली की बॅट त्यातून सरकवून बघायची. सव्वाचार इंचांचा तो नियम आजही तसाच आहे.

स्मॉलमुळे दुसरा एक बदल झाला, तोही त्याने न मागता.

तेव्हा विकेटला दोनच स्टंप असायचे आणि वर एक बेल. २२ मे १७७५ ला लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच जणांची मॅच होती. स्मॉल शेवटचा बॅट्समन, जिंकायला १४ रन हवे होते. समोर लम्पी स्टीव्हन्स, त्या काळातला सगळ्यात अचूक बॉलर. लम्पीने स्मॉलला तीनदा चकवलं. तिन्ही वेळा बॉल दोन स्टंपांच्या मधून आरपार गेला, आणि बेल काही पडली नाही. गल्लीत दोन विटांच्या मधून बॉल गेला तर आऊट देतात, इथे दिलं नाही! स्मॉलने १४ रन काढून मॅच जिंकली. लम्पीवर हा सरळसरळ अन्याय होता आणि तो सगळ्यांना दिसला. त्यातूनच मधला तिसरा स्टंप आला आणि हळूहळू सगळीकडे रुळला.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्मॉलने सरेविरुद्ध १३६ रन केले. मोठ्या मॅचमधलं हे पहिलं ज्ञात शतक मानलं जातं. पुढे साठी आली तरी तो खेळत होता.

क्रिकेटशिवाय त्याला नाद होता व्हायोलिनचा. एकदा शेतातून जाताना अंगावर बैल धावून आला, तेव्हा त्याने वाद्य वाजवून त्याला शांत केलं, असा किस्सा रिचर्डचा मुलगा जॉन नायरेन याच्या आठवणींत आहे. डॉर्सेटच्या ड्यूकलाही क्रिकेटचं वेड. स्मॉल वाजवतो हे कळल्यावर ड्यूकने त्याला एक देखणं व्हायोलिन पाठवलं, पाठवणीचा खर्चही स्वतःच भरला. ३१ डिसेंबर १८२६ ला ८९ व्या वर्षी वारलेल्या या कारागिराने तेव्हा उलट भेट म्हणून ड्यूकला दोन बॅट आणि बॉल धाडले, आणि त्यांचं भाडंही स्वतःच्या खिशातून भरलं.