लंकेचा प्रेषित संत जोसेफ वाझ

ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस होय. ज्या मंदिराची घंटा आपण रोज ऐकतों, ज्या कुंडापाशीं आपला बाप्तिस्मा झाला, ज्या वेदीपुढें आपल्या आईबापांनीं विवाहाची शपथ घेतली व जिच्यापुढूनच त्यांची अखेरची यात्रा निघाली, तें सर्व आपल्याला इतकें सवयीचें होऊन जातें कीं त्याची किंमत आपल्या ध्यानींमनींही राहत नाहीं. ती किंमत कळावयाची असेल तर, वाचकहो, ज्या लोकांना जवळजवळ तीस वर्षें ना मंदिर होतें, ना वेदी, ना धर्मगुरु, अशा लोकांकडे क्षणभर पाहिलें पाहिजे. आणि आपल्याच कोंकणपट्टीवर जन्मलेला जो एक अनवाणी पुरुष त्यांच्या शोधार्थ समुद्रापलीकडे गेला, त्याचें चरित्र वाचलें पाहिजे. तो पुरुष म्हणजे संत जोसेफ वाझ.

गोमंतकांतील साष्टी प्रांतीं बाणावली नांवाचा गांव आहे. तेथें २१ एप्रिल १६५१ रोजीं ख्रिस्तोव्हांव वाझ व मरिया द मिरांदा या भाविक दांपत्याच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचें मूळ गांव सांकवाळ. बाळपणापासूनच मुलाची वृत्ति प्रार्थनेकडे व गोरगरिबांकडे ओढ घेणारी होती. सांकवाळीस पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन शिकून झाल्यावर ते गोवें शहरीं गेले व तेथें जेझुइट संघाच्या सेंट पॉल विद्यालयांत आणि पुढें डोमिनिकन संघाच्या विद्यालयांत त्यांनीं तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला. १६७६ सालीं आर्चबिशप अंतोनियो ब्रांदांव यांच्या हस्तें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळतांच त्यांनीं पायांतील जोडा काढून टाकला. गरिबांमध्यें राहावयाचें तर गरिबांप्रमाणेंच चालावें, असा त्यांचा निश्चय होता. पुढील वर्षीं, म्हणजे १६७७ सालीं, त्यांनीं स्वहस्तें एक दास्यपत्र लिहून आपणांस पवित्र मरियेचा जन्माचा दास म्हणून वाहून घेतलें.

याच सुमारास लंकेंतील ख्रिस्ती लोकांच्या दुर्दशेची वार्ता त्यांच्या कानीं आली. त्या बेटाच्या किनाऱ्यावर पूर्वीं पोर्तुगीजांचा अंमल होता व त्यांच्या छत्राखालीं तेथें ख्रिस्तसभा वाढली होती. १६५८ सालीं जाफना पडलें आणि वलंदेजांनीं पोर्तुगीजांना त्या किनाऱ्यावरून पार हुसकून लावलें. वलंदेज हेही ख्रिस्ती, पण काल्व्हिनच्या पंथाचे. त्यांना कथोलिक म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक असें वाटे. धर्मगुरूंना देशाबाहेर घालविण्यांत आलें. कथोलिक धर्मगुरूला जो कोणी घरांत लपवील त्यास देहान्ताची शिक्षा, असा हुकूम त्याच वर्षीं सुटला. मंदिरें वलंदेजांच्या उपासनेकडे गेलीं. ज्याला सरकारी मानाची जागा हवी असेल त्यानें नवा पंथ पत्करावा, अशी स्थिति आली. कांहींनीं तो पत्करला, कांहींनीं वरवर पत्करून आंतून जुनी श्रद्धा जपली, आणि कांहींनीं दारें लावून घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून पोरांना प्रार्थना शिकवीत दिवस काढले. एक पिढी अशी वाढली कीं तिनें धर्मगुरु डोळ्यांनीं पाहिलाही नव्हता.

तरुण वाझ यांच्या मनांत त्या दिवसापासून लंका भरून राहिली. परंतु देवाची वेळ अद्याप आली नव्हती. १६८१ सालीं वरिष्ठांनीं त्यांना कानडा प्रांतीं धाडलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागांतील ख्रिस्ती लोक विखुरलेले व उपेक्षित होते. त्यांत आणखी एक दुखणें होतें: गोव्याचे आर्चबिशप आणि रोमहून नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो या दोघांच्या अधिकाराचा वाद तेथें पेटलेला होता व साधी माणसें या ओढाताणींत सांपडलीं होतीं. आपल्यांतलेच आपल्याशीं भांडतात तेव्हां श्रद्धेची जी कसोटी लागते, ती परक्यांच्या छळापेक्षां कमी नसते. वाझ यांनीं कोणाचा अवमान केला नाहीं. समेटासाठीं ते झटले, शाळा काढल्या, मंदिरें दुरुस्त केलीं, बंदिवानांना सोडविलें, आणि १६८४ सालीं निमूटपणें गोव्यास परतले.

त्या काळीं युरोपांतून आलेल्या संन्यासी संघांत गोमंतकीय धर्मगुरूंना प्रवेश मिळत नसे. म्हणून कांहीं देशी धर्मगुरु गोव्याच्या टेकडीवरील चमत्कारी क्रूसाच्या मंदिरापाशीं एकत्र राहूं लागले होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजीं वाझ त्यांना जाऊन मिळाले. त्यांनीं संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नमुन्यावर त्या मंडळाची नीट घडी बसविली व तेच त्याचे प्रमुख निवडले गेले. मान होता, स्थैर्य होतें, भोंवतीं प्रेमळ बंधु होते. तरी दुसऱ्याच वर्षीं तें पद सोडून ते निघाले. ज्यांच्याजवळ कोणी नाहीं त्यांच्याकडे जावें, ही हांक त्यांना स्वस्थ बसूं देईना.

बरोबर घरचा जॉन नांवाचा एक विश्वासू कुणबी सेवक मात्र होता. तुतिकोरिनास येऊन ते तमिळ शिकले. पाद्रीचा वेष टाकून मजुराच्या चिंध्या अंगावर घातल्या व १६८७ सालीं ते लंकेच्या किनाऱ्यास लागले. वाटेंत वादळानें व उपासमारीनें त्यांची दशा झाली. जाफन्यास पोहोंचतांच त्यांना अतिसारानें गांठलें. ज्यांच्या तारणासाठीं ते आले त्यांच्या देशांत पहिलें पाऊल टाकतांच ते रस्त्याच्या कडेला मरणोन्मुख होऊन पडले. एका गरीब बाईनें घातलेल्या पेजेवर ते वांचले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढा मोठा संकल्प देवानें एवढ्याशा पेजेच्या वाटीवर तोलून धरला!

बरे झाल्यावर प्रश्न असा पडला कीं, जे लोक जिवाच्या भीतीनें आपली श्रद्धा लपवितात त्यांना ओळखावें कसें? वाझ यांनीं गळ्यांत जपमाळ घातली व दारोदार भिक्षा मागूं लागले. बहुतेकांनीं भिकारी म्हणून चिमूटभर तांदूळ दिले. पण कोणाकोणाची नजर त्या माळेवर खिळून राही. त्या नजरेवरून ते घर ओळखीत. प्रथम त्यांनाही हा फितुरी तर नसेल, अशी शंका येई. मग हळूहळू खात्री पटे, आणि मध्यरात्रीं बंद दाराआड तीस वर्षांनीं पहिलें पवित्र मिस्साबलिदान अर्पण होई. त्या अंधाऱ्या खोल्यांतून कोणते अश्रु गळले असतील याची कल्पना, रविवारीं घंटा होऊनही घरीं बसणाऱ्या आपल्यासारख्यांनीं करावी.

परंतु देवावर भरंवसा ठेवणाऱ्यांवर संकट येत नाहीं, असें कोणीं समजूं नये. १६८९ सालच्या नाताळच्या रात्रीं, लोक प्रार्थनेस जमले असतां, वलंदेजांच्या शिपायांनीं छापा घातला. सुमारें दोनशें माणसें धरली गेलीं. प्रमुख मंडळींना फटके मारून सक्तमजुरीस पाठविण्यांत आलें. त्यांतील एक जण मूळचा वलंदेज, स्वेच्छेनें कथोलिक झालेला. तो त्या फटक्यांनीं मरण पावला. ज्यांच्यासाठीं हा छापा होता ते वाझ मात्र हातीं लागले नाहींत. आपल्यामुळें आपल्या लेकरांच्या पाठी फुटल्या आणि आपण सुरक्षित राहिलों, याहून मेंढपाळाला अधिक जाळणारें दुःख कोणतें? तें दुःख घेऊन पळून जाणें सोपें होतें. गोवा दूर नव्हता. ते परत गेले नाहींत. वलंदेजांचा हात जेथें पोहोंचत नव्हता अशा पुत्तलमकडे ते गेले व तेथून लंकेच्या अंतर्भागांत, कँडीच्या राजधानीकडे, वळले.

कँडीचे राजे विमलधर्मसूर्य दुसरे हे बौद्धधर्मी. १६९२ सालीं वाझ तेथें पोहोंचतात तोंच एका फ्रेंच काल्व्हिनपंथीयानें राजाच्या कानावर घातलें कीं, हा पोर्तुगीजांचा हेर आहे. त्यांना बंदींत टाकण्यांत आलें. ज्या नगरांत ख्रिस्ती लोकांची सेवा करण्यासाठीं आले, त्याच नगरांत त्यांच्या दाराशीं पहारा बसला. वाझ यांनीं काय केलें? कैदेचा काळ त्यांनीं सिंहली भाषा शिकण्यांत घालविला. पहारा जसा सैल झाला तशी त्यांनीं आवारांतच एक झोंपडी उभारून तिचें मंदिर केलें. राजाच्या लोकांनीं त्यांना वर्षभर न्याहाळलें व हा मनुष्य प्रार्थनेखेरीज दुसरें कारस्थान करीत नाहीं, अशी त्यांची खात्री झाली. बंदिशाळा हीच अशा रीतीनें त्यांची पहिली साक्ष ठरली.

पुढें कँडींत अवर्षण पडलें. सर्व उपाय थकल्यावर राजानें या बंदिवानास प्रार्थना करावयास सांगितलें. त्यांनीं उघड्या मैदानांत वेदी मांडून क्रूस ठेवला व गुडघे टेकले; आणि पाऊस कोसळला, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. त्यानंतर राजानें त्यांना मोकळेपणें धर्मकार्य करूं दिलें, हें मात्र इतिहासास ठाऊक आहे.

तरीही लोकांचीं मनें खरीं जिंकलीं तीं पावसानें नव्हे, तर देवीच्या सांथीनें. १६९७ सालीं कँडींत देवीचा भयंकर उद्रेक झाला. राजा राजधानी सोडून गेला. धडधाकट माणसें आपल्या आजारी आप्तांना टाकून रानांत पळालीं. गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांना बरोबर घेऊन वाझ मागें राहिले. रिकाम्या घरांतून व रानांतल्या झोंपड्यांतून त्यांनीं रोगी शोधून काढले, त्यांना पेज पाजली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना आपल्या हातांनीं माती दिली. त्यांत बौद्ध कोण व ख्रिस्ती कोण हें त्यांनीं पाहिलें नाहीं. ज्या धर्माची उपदेशानें ओळख पटली नव्हती, ती त्या हातांवरून पटली.

हळूहळू गोव्याच्या ओरेटरींतून आणखी धर्मगुरु येऊं लागले. १७०५ सालीं फादर जाकोमे गोन्साल्व्हिस आले. सिंहली व तमिळ भाषांत ख्रिस्ती वाङ्मय निर्माण करून त्यांनीं त्या लोकांच्या श्रद्धेला त्यांच्याच भाषेचें घर बांधून दिलें. वाझ स्वतः कधीं मजूर, कधीं परीट अशा वेषानें वलंदेजांच्या मुलुखांतही शिरत व रातोरात साक्रामेंतें देऊन बाहेर पडत. त्यांना बिशप करावें अशी सूचना आली, तेव्हां त्यांनीं ती नम्रपणें नाकारली. राजा विमलधर्मसूर्य १७०७ सालीं निवर्तले. त्यांचे पुत्र वीर नरेंद्रसिंह यांनींही वडिलांचा लोभ पुढें चालविला.

चोवीस वर्षांच्या अनवाणी पायपिटीनें शरीर झिजून गेलें. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, कँडींतच त्यांनीं देह ठेवला. लंकेंत पाऊल टाकल्यापासून त्यांनीं आपली जन्मभूमि पुन्हां पाहिली नाहीं. पुढें तेथलें मंदिरही नाहींसें झालें व त्यांच्या समाधीची नेमकी जागा आज कोणास दाखवितां येत नाहीं. वलंदेजांचा अंमल १७९६ पर्यंत राहिला; वाझ यांच्या हयातींत ते कायदे उठले नाहींत, छळाचा अंत त्यांनीं पाहिला नाहीं. पण त्यांनीं चेतविलेला दिवाही विझला नाहीं. गोव्याच्या ओरेटरीचे धर्मगुरु एकामागून एक तेथें जात राहिले व ती ख्रिस्तसभा टिकली. १७४५ सालीं फादर सेबास्तियांव दो रेगो यांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र लिस्बनला छापलें गेलें. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं कोलंबोस येऊन त्यांना धन्यवादित पद दिलें आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच नगरींत, समुद्रकांठच्या मैदानावर, त्यांना संतपद दिलें. ज्या किनाऱ्यावर ते चिंध्या पांघरून चोरपावलांनीं उतरले, त्याच बेटाच्या किनाऱ्यावर त्यांच्या नांवाचा जयघोष झाला.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे संकट टळेल अशी हमी मिळविणें नव्हे. जाफन्याच्या त्या बंदिवानांचे फटके टळले नाहींत, वाझ यांची कैद टळली नाहीं. भरंवसा म्हणजे आजच्या दिवशीं हाताशीं असलेलें काम सोडून न देणें. रस्ता बंद झाला तेव्हां वाझ यांनीं दुसरा रस्ता धरला. दार बंद झालें तेव्हां त्यांनीं आंत बसून भाषा शिकली. आणि फळ केव्हां पिकेल हें त्यांनीं देवावर सोपविलें. तसेंच लंकेच्या त्या अनाम आयाबायांनाही विसरूं नये. धर्मगुरु नसतांना त्यांनीं पोरांना क्रूसाची खूण करावयास शिकविली नसती, तर वाझ यांना गळ्यांतली माळ ओळखणारें एकही घर सांपडतें ना. धर्मगुरु येवो वा न येवो, श्रद्धेचा पहिला राखणदार घरांतच असतो.

आपल्या घरांतही आजारपण आहे, कर्ज आहे, परगांवीं गेलेल्या मुलांची काळजी आहे, आणि कधींकधीं देव ऐकत नाहीं असें वाटण्याजोगी दीर्घ रात्रही आहे. अशा वेळीं माळ हातीं घ्यावी, शेजारच्या आजाऱ्याला पेज नेऊन द्यावी, आणि पहांटेची वाट पाहावी. दरवर्षीं १६ जानेवारीस या संताचा सण येतो. त्या दिवशीं तरी आपण कुटुंबासह वेदीपुढें यावें व ज्यांच्या पाठींवरचे वळ हेंच ज्यांचें मंदिर होतें त्यांची आठवण करावी.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें प्रभु येशू आपल्या घरांतील श्रद्धेचा दिवा तेवत ठेवो, आणि पुढल्या ज्युबिलीस आपलीं नातवंडें याच वेदीपुढें उभीं राहोत. आमेन.