वैमानिक जेआरडी आणि आणीबाणीचे पान

पिंपरी, चिंचवड, देहू, चाकण या पट्ट्यात जेआरडी टाटा हे नाव कारखान्याच्या भोंग्याशी जोडलेले आहे. इंद्रायणीकाठच्या गावांतून पहिल्या पाळीला निघणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी ते टेल्कोचे मोठे साहेब म्हणूनच ऐकले. मोटारी, पोलाद, मीठ आणि रसायने यांच्या हिशेबात त्यांचे पहिले प्रेम मात्र झाकले जाते. जेआरडी आधी वैमानिक होते, उद्योगपती नंतर झाले. त्यांच्या वैमानिकपणाच्या कथा सांगताना आपण धाडसावर भर देतो. त्या धाडसामागे एक कोरडी, कंटाळवाणी वाटणारी शिस्त होती. विमान संकटात सापडले तर नेमके काय करायचे, हे आधी ठरवून ठेवायचे आणि अनुभव वेगळे सांगू लागला की ठरवलेले बदलायचे, अशी ती शिस्त. जेआरडींच्या हयातीतच लहान विमानांच्या पुस्तिकांमधली आणीबाणीची पाने लिहिली गेली, चुकली आणि सुधारली गेली. त्यांचे आयुष्य त्या इतिहासाला समांतर चालते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई सुझान फ्रेंच, वडील आर. डी. टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि उद्योगातले सहकारी. उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी कुटुंबाचे सुटीतले घर होते आणि शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे. वाळूच्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून फेरी मारायला मिळाली आणि पुढे काय करायचे ते त्याने मनाशी ठरवले. ते करायला मिळेपर्यंत आणखी दहा वर्षे गेली.

१९२९ च्या जानेवारीत मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तेथे दाखल झाले आणि शिक्षकासोबत अवघे पावणेचार तास उडून एकट्याने आकाशात गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेल्या त्यांच्या परवान्यावर क्रमांक होता एक. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना.

पावणेचार तासांत माणूस काय शिकत असेल? त्या काळच्या पुस्तिकांत इंजिनाची निगा, तारांचा ताण, तेलाचे माप यांचा तपशील भरपूर असे. संकटाविषयीचे ज्ञान बहुतांशी तोंडी चाले. शिक्षक सांगेल ते प्रमाण. आणि तोंडी ज्ञान चुकीचे असू शकते, याचा धडा विमानविद्येने फार महाग किमतीला घेतला होता. विमान गिरकी घेत खाली येऊ लागले की सुकाणू गिरकीच्याच दिशेला दाबावे, असा सुरुवातीच्या वैमानिकांमध्ये समज होता. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क या नौदलाच्या अधिकाऱ्याचे विमान असेच गिरकीत सापडले. प्रचलित सल्ला पाळून पाहिला, उपयोग झाला नाही. जमीन जवळ आली तेव्हा पार्कने सुकाणू उलट दिशेला पूर्ण दाबले आणि विमान सरळ झाले. प्रचलित सल्ला नेमका उलटा होता. पुढे १९१७ मध्ये फ्रेडरिक लिंडेमन या शास्त्रज्ञाने स्वतः विमान मुद्दाम गिरकीत घालून मोजमापे घेतली आणि उपायाला शास्त्राचा आधार मिळाला.

पार्कची गोष्ट मात्र तेथे संपत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्या विमानाचे इंजिन कुरकुरू लागले. तो माघारी वळू लागला आणि विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. गिरकीचे कोडे सोडवणारा माणूस दुसऱ्याच पानावर अडला. वळताना विमान कलते, आणि कललेल्या पंखांना विमान तोलून धरण्यासाठी अधिक वेग लागतो. ४५ अंशांच्या वळणात हा किमान वेग जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत एक्केचाळीस टक्क्यांनी. इंजिन बंद, उंची कमी, आणि मागे दिसणारे ओळखीचे मैदान वैमानिकाला खुणावत असते. म्हणून नियम झाला : नाक खाली घ्या, वेग राखा आणि समोर मिळेल तेथे उतरा. हे वाक्य आज लहान विमानाच्या कोणत्याही शिकाऊ वैमानिकाला पहिल्या काही धड्यांतच ऐकवले जाते.

जेआरडींच्या स्वभावात ही काळजी होती, हे १९३० च्या आगाखान स्पर्धेत दिसले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर ठरलेल्या मुदतीत एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंडांचे बक्षीस होते. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडले होते. स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जादा प्लग जवळ नव्हते. जेआरडींकडे होते. त्यांनी आपल्यातले काही काढून दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकले आणि पुढे १९६० मध्ये भारताचे हवाईदल प्रमुख झाले. ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण देण्यासाठी आधी जवळ असावे लागते. वाळवंटावरून एका इंजिनाच्या भरवशावर जाणाऱ्याने जादा प्लग घेतले होते, ही बाब मला दिलदारपणाइतकीच महत्त्वाची वाटते.

इंग्लंडच्या हवाईदलातून बाहेर पडलेल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपालसेवेची योजना मांडली. दोराबजी टाटांनी दोन लाख रुपयांची जोखीम पत्करली. लंडनहून कराचीला येणारे टपाल तेथून पुढे अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रास असे न्यायचे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूला उतरले. तेथून पुढचा टप्पा व्हिन्सेंट यांनी नेला. रेडिओ नाही, मार्गदर्शक दिवे नाहीत. होकायंत्र, नकाशा आणि किनाऱ्याची रेघ.

विमान होते ‘पस मॉथ’, एका इंजिनाचे आणि बंद कक्षाचे. त्या दिवसाच्या वर्णनात एक गोष्ट सहसा येत नाही. त्याच सुमारास या जातीची विमाने जगाच्या निरनिराळ्या भागांत हवेतच मोडून पडत होती. १९३० मध्ये ऑस्ट्रेलियात अशी घटना घडली, मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत ग्लेन किडस्टन हे नामांकित वैमानिक दगावले आणि त्यानंतरही मालिका थांबली नाही. खडबडीत हवेत वेगाने जाताना पंख आणि त्यांना आधार देणारे दांडे यांवर येणारा ताण आराखडा करणाऱ्यांच्या अंदाजापलीकडे जात होता. इंग्लंडमधील संशोधकांनी दीर्घ चाचण्या घेतल्या आणि आधारदांड्याला एक छोटा जोडदांडा बसवण्यात आला. दिसायला किरकोळ दुरुस्ती, परंतु तिच्यापूर्वी किती जण गेले! कराची ते मुंबईच्या तापलेल्या हवेत उसळत जाणाऱ्या विमानात बसलेल्या माणसाजवळ त्या संकटासाठी कोणतेही पान नव्हते, आणि पंख मोडल्यावर वैमानिकाने काय करावे हे लिहिणे कुणालाही शक्य नव्हते. काही आणीबाण्यांची दुरुस्ती पुस्तिकेत करता येत नाही. ती कारखान्यात करावी लागते.

पावसाळ्याने दुसरा प्रश्न उभा केला. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राला लागून असलेला चिखलाचा पट्टा. जूनपासून तो पाण्याखाली जाई. तेव्हा कंपनीने बाडबिस्तरा उचलून पुणे गाठले आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमाने सुटू लागली. म्हणजे आता सह्याद्री ओलांडायचा, तोही ढगांत. घाटावर इंजिन बंद पडले तर समोर मिळेल तेथे उतरा हा इंग्लंडच्या सपाट कुरणांत जन्मलेला नियम काय कामाचा? नियम चुकीचा नव्हता, पण मुलूख वेगळा होता. येथे उतरायची जागा उड्डाणाआधीच हेरून ठेवणे आणि हवा पाहून प्रसंगी थांबणे हाच शहाणपणा. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमानांनी एक लाख साठ हजार मैल कापले, १५५ उतारू नेले आणि साठ हजार रुपये नफा झाला. टपालाच्या वक्तशीरपणाची सरकारी अहवालात वाखाणणी झाली.

पुढची वाटचाल परिचित आहे. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये एअर इंडिया हे नाव आले, ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनकडे झेपावले, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि सरकारी कंपनीचे अध्यक्षपद जेआरडींकडेच राहिले. प्रवासात ते बारीकसारीक टिपणे करत. पडद्यांचा रंग, चहाची चव, प्रसाधनगृहाची स्वच्छता. चरित्रकार याला व्यवस्थापनकौशल्य म्हणतात. मला त्यात वैमानिकाची सवय दिसते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून प्रत्येक खिळा पाहणारा माणूस खुर्चीत बसला तरी पाहणे सोडत नाही.

त्या कंपनीची खरी परीक्षा ११ एप्रिल १९५५ रोजी झाली. हाँगकाँगहून जकार्ताकडे निघालेल्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमानात, बांडुंग परिषदेला जाणाऱ्या चिनी मंडळींच्या घातासाठी बाँब ठेवण्यात आला होता. सुमारे अठरा हजार फुटांवर स्फोट झाला, पंखाला आग लागली, कक्षात धूर भरला. कॅप्टन डी. के. जटार यांनी विमान समुद्राकडे खाली आणले. सेवकवर्गाने उतारूंना जीवरक्षक जाकिटे दिली, संकटसंदेश गेले, पाण्यावर आदळताच बाहेर पडता यावे म्हणून दारे उघडण्यात आली. सोळा जण मृत्यू पावले. दीक्षित, पाठक आणि अभियंता अनंत कर्णिक असे तिघे वाचले. अशा घातासाठी कोणत्याही पुस्तिकेत पान नसते. तरीही पाण्यावर उतरण्याचा घोटून घेतलेला क्रम त्या शेवटच्या मिनिटांत सर्वांच्या हातात होता.

मोठ्या विमानांत तपासयादीची पद्धत रुजली ती १९३५ मधल्या एका अपघातानंतर. अमेरिकेत बोइंगचे नवे बाँबफेकी विमान सुकाणूंचे कुलूप न काढताच उडाले आणि कोसळले. चालवणारे निष्णात होते, म्हणूनच स्मरणशक्तीवर विसंबणे थांबले. लहान विमानांच्या वाट्याला ही शिस्त फार उशिरा आली. प्रत्येक कारखान्याची पुस्तिका वेगळी, क्रम वेगळा. १९७५ मध्ये अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने एक समान साचा ठरवला : नऊ भाग, आणि तिसरा भाग नेहमी आणीबाणीचा. वैमानिक कोणत्याही विमानात बसला तरी ते पान कोठे शोधायचे हे त्याला ठाऊक असावे.

साचा ठरला तरी मजकूर तपासावाच लागतो. एक उदाहरण पुरे. दमट हवेत, कोकणच्या किनाऱ्यासारख्या उबदार हवेतसुद्धा, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिन मंदावते. उपाय म्हणून गरम हवेचा खटका ओढायचा. पण ओढताच वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि ते आधीपेक्षा जास्त अडखळते. घाबरलेला नवशिक्या खटका परत ढकलतो आणि बर्फ पुन्हा साचतो. म्हणून केवळ खटका ओढा असे लिहून भागत नाही. आधी बिघडेल, मग सुधारेल, तोवर हात लावू नका, हेही लिहावे लागते. शिवाय सुधारलेले पान छापून उपयोग नसतो. ते जुन्या पानाच्या जागी, त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेत बसले पाहिजे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान उजवीकडच्या वळणातून सरळ झाले, तरी कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण उजवीकडेच अडकून राहिले. काळोखात क्षितिज दिसत नव्हते. त्यांनी विमान डावीकडे वळवत नेले. तिसरे, स्वतंत्र उपकरण समोरच होते. त्याच्याशी ताडा घेण्याइतका अवधी उरला नाही. जेआरडींच्या अध्यक्षपदाचा हा अखेरचा आणि सर्वांत काळा महिना. फेब्रुवारीत मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केले. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपद मात्र दिले नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, टपालसेवेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून एकटे निघाले. या वेळी ‘लेपर्ड मॉथ’, म्हणजे ‘पस मॉथ’च्याच घराण्यातले पुढचे विमान होते. तोच मार्ग, तोच अहमदाबादचा थांबा, तेच जुहू. १९८८ मध्ये विमानविद्येतील गुगेनहाइम पदक आणि १९९२ मध्ये भारतरत्न त्यांना मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमध्ये पेर लाशेज येथे त्यांचे दफन करण्यात आले.