अणूंची मापं घेणारा माणूस : व्हिक्टर गोल्डश्मिट

माजिवड्याहून घोडबंदर रोडला लागलं की डावीकडे येऊरचा डोंगर दिसतो. त्याच्या काळ्या बेसाल्टमधल्या खनिजांत मॅग्नेशियम आणि लोह एकमेकांच्या जागी बसतात. कारण दोघांच्या आयनांचं माप जवळजवळ सारखं! असे नियम मांडले व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी झ्युरिचला झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये हे ज्यू कुटुंब नॉर्वेत आलं. १९१४ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, व्हिक्टर आजच्या ऑस्लोत प्राध्यापक झाले. महायुद्धात आयात अडली, तेव्हा देशातला कच्चा माल शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. ऑलिव्हीन या हिरव्या खनिजापासून भट्टीच्या विटा बनवण्याची वाटही पुढे त्यांनीच दाखवली.

खरी कमाल १९२५ ची. उलरिख आणि बार्थ या सहकाऱ्यांसोबत त्यांनी दुर्मिळ मृदा धातूंची ऑक्साईडं तयार केली, त्यांच्या भुकटीवर क्ष-किरण टाकले आणि फिल्मवरच्या रेघा मोजल्या. सूत्र एकच, दोन धातू आणि तीन ऑक्सिजन; पण रचना तीन! मोठ्या आयनांची ए, मधल्यांची बी, लहानांची सी. तापमानानेही फरक पडतो. निओडिमियमचं ऑक्साईड कमी तापमानाला बनवलं तर सी रचनेत मिळतं, खूप तापवलं की ए होतं. ती सी रचना मेटास्टेबल, म्हणजे खरी स्थिर नव्हे. पण अणूंना हलायला पुरेशी ऊर्जा नसते, म्हणून टिकून राहते. १९२६ मध्ये त्यांनी आयन त्रिज्यांचा तक्ता आणि पेरोव्हस्काईटचा टॉलरन्स फॅक्टर दिला. नवं ऑक्साईड बनवण्याआधी तो आजही काढून बघतात.

१९२९ मध्ये ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. ज्यूद्वेष वाढला तसं १९३५ मध्ये राजीनामा देऊन परतले. पण १९४० मध्ये नाझी नॉर्वेतही पोचले. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात पाचशेहून जास्त ज्यूंना घेऊन जहाज निघणार होतं. देशाला या शास्त्रज्ञाची गरज आहे असं सांगून त्यांना धक्क्यावरूनच मागे आणलं गेलं. जहाजावरचे बहुतेक सगळे आउश्वित्झमध्ये मारले गेले. गोल्डश्मिट डिसेंबरात स्वीडनला निसटले, तिथून ब्रिटनला. तब्येत मात्र कायमची खालावली. १९४६ मध्ये ते ऑस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी गेले. अस्थी ठेवल्या ऑलिव्हीनच्याच कलशात.

दोस्तांनो, एक्सआरडीचा ग्राफ आज कॉम्प्युटर काही मिनिटांत जुळवून देतो. व्हायव्हाच्या आदल्या रात्री टॉलरन्स फॅक्टर पाठ करताना या माणसाचीही आठवण ठेवा.