देव नाही अशी जागा

देव कोठे आहे, असे कोणी विचारले तर आपण वारकरी मंडळी चटकन पंढरीकडे बोट दाखवितो. तो काय विटेवर उभा आहे, या की बघायला! या उत्तरात खोटे काही नाही. पण हेच उत्तर उराशी घट्ट धरून बसलेल्या एका थोर भक्ताला संतांनी एके दिवशी कच्चे ठरविले. ते भक्त म्हणजे आपले नामदेवराय. त्यांचे कच्चेपण कशात होते आणि ते कसे गेले, हे नीट पाहिले तर वारीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगी पडेल.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधील कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. घराण्याचे मूळ गाव नरसी-बामणी. जन्म नरसीस झाला की पंढरीस, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण बाळपण विठोबाच्या सावलीत गेले, याबद्दल कोणाचे दुमत नाही. वडील परगावी गेले असता लहानग्या नाम्याने देवापुढे नैवेद्याचे ताट ठेवले आणि देव जेवत नाही म्हणून आकांत मांडला; शेवटी देवाला जेवावे लागले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? लेकराच्या मनात संशय असा नव्हताच. ताट पुढे आहे, देव समोर आहे, मग त्याने जेवले पाहिजे, एवढा सरळ हिशेब.

पुढे संतमेळा जमला. श्रीज्ञानोबाराय, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताई, तेरचे गोरोबाकाका अशी सारी मंडळी. संतचरित्रे सांगतात की मुक्ताईने गोरोबाकाकांना कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे, हे पाहायला सांगितले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. बाकीचे मुकाट्याने बसून राहिले. नामदेवरायांना मात्र राग आला. झाले, एवढे एकच मडके कच्चे निघाले!

अहो, देव ज्याच्याशी बोलतो तो कच्चा कसा? नामदेवराय तडक राउळात गेले आणि देवापाशी रडले. पण देवानेही संतांचीच बाजू घेतली आणि गुरू करावयास सांगितले. विचार करा, ज्याच्या भरवशावर सारे आयुष्य उभे केले त्यानेच असे सांगावे, तेव्हा जिवाचे काय होत असेल! पायाखालची वीट सरकली म्हणा ना.

नामदेवराय औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. हे विसोबा पूर्वी ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणारे, पुढे त्यांनाच शरण गेलेले; म्हणजे चुकलेल्याची वाट त्यांना माहीत होती. देवळात पाहतात तो विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवरायांनी पाय काढा म्हटले. विसोबांनी सांगितले की मला म्हाताऱ्याला हलवत नाही, जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय ठेव. नामदेवरायांनी पाय उचलून इकडे ठेवले, तिकडे ठेवले. जेथे ठेवावे तेथे पिंड उभी! देव नाही अशी जागाच सापडेना.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. सगळीकडे देव आहे, तर मग पंढरीचा विठोबा कशाला? वारी कशाला? आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न आतून टोचतो आणि कोणी विचारला की आपण गडबडतो. नामदेवरायांनी याचे उत्तर आपल्या वागण्याने दिले. त्यांनी पंढरी सोडली नाही, कीर्तन सोडले नाही. पाणी साऱ्या भुईखाली असते, तरी तहानेल्याला विहिरीवर जावेच लागते. फक्त विहिरीत आहे तेवढेच पाणी, असे त्याने म्हणू नये. कच्चेपण होते ते या शेवटल्या समजुतीत, भक्तीत नव्हे.

मडके पक्के झाल्याची खूण लवकरच पटली. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेवराय काठी न घेता तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी भाकरी देवाच्या घशाला लागेल म्हणून! ज्या लेकराला मूर्तीने जेवावे एवढेच ठाऊक होते, तोच हा नामदेव बरे का.

तरी ज्ञान झाले म्हणून डोळ्यांतले पाणी आटले नाही. १२९६ साली आळंदीस ज्ञानोबारायांनी समाधी घेतली तेव्हा नामदेवराय लेकरासारखे रडले. त्या प्रसंगाचे त्यांचे अभंग आजही ऐकणाऱ्याला रडवितात. पुढे १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा व इतर मजूर दगावले. ढिगाऱ्यातली हाडे कोणती कोणाची, कसे ओळखावे? परंपरा सांगते की नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी लावले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून उचलले. ती हाडे त्यांनी महाद्वारासमोर आणून ठेवली. हयातीत चोखोबांना देवळात पाऊल टाकता आले नाही. त्यांच्या बांधवांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. नामदेवरायांना हाडांत ऐकू आला तो देव आपल्याला सहाशे वर्षे माणसांत दिसला नाही, हे विसरू नये.

आयुष्याचा मोठा काळ त्यांनी उत्तरेत काढला. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे. १६०४ साली सिद्ध झालेल्या शीखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. आपल्याकडे शके १२७२, इ. स. १३५०, आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरीच्या महाद्वारी त्यांची समाधी मानतात. पंजाबी भाविक घुमानला समाधी म्हणून माथा टेकवितात. दोन ठिकाणे, एक देह. खरे कोणते, यावर वाद घालणारे घालोत. ज्याला देव नाही अशी जागाच उरली नाही, त्याला नेमके एका जागी शोधायचे तरी कसे?

तेव्हा मायबाप, पंढरीस गेल्यावर नामदेवांच्या पायरीला मस्तक अवश्य लावावे. गाभारा न मागता संतांच्या पायधुळीसाठी त्यांनी मागून घेतलेली ती जागा आहे. आणि परत निघताना देवाला तेथेच ठेवून येऊ नये. घरी गेल्यावर दारात कोणी उपाशी उभा असेल, तर तुपाची वाटी कोठे ठेवली आहे तेवढे आठवावे.

रामकृष्णहरि.